रक्ताच्या परतीच्या वाटा

घरांतील एखाद्या माणसाच्या मेंदूंत गांठ झाली आहे असें समजलें म्हणजे त्या घराचा सारा कारभार एकाच चिंतेभोंवतीं फिरूं लागतो. शस्त्रक्रियेच्या दिवशीं दाराबाहेर ताटकळत बसलेलीं माणसें, सर्जन बाहेर येतांच, बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘गांठ सगळी निघाली ना?’ प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. शत्रूचें निर्मूलन व्हावें असें कोणास वाटणार नाहीं? तथापि या कामांत ज्यांचे हात अनुभवानें पिकले आहेत, त्यांना याच तोलाचा दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो बाहेर बसलेल्यांच्या मनांत सहसा येत नाहीं. मेंदूंतून परत जाणाऱ्या रक्ताच्या वाटा शाबूत राहिल्या कीं नाहीं, हा तो प्रश्न. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

रक्ताभिसरणाची कल्पना आज शाळेंतील मुलासहि ठाऊक असते. १६२८ सालीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हृदयांतून निघालेलें रक्त फिरून पुन्हां हृदयाकडेच येतें हें दाखवून दिलें. हृदयापासून रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या त्या नीला. बोलण्यांत दोहोंनाहि शिराच म्हणतात, पण दोहोंचा स्वभाव निराळा. रोहिणीची भिंत जाड असते, ती हृदयाच्या ठोक्याबरोबर उडते, आणि तुटली तर रक्ताची चिळकांडी उसळते. तिच्याकडे दुर्लक्ष करणें शक्यच नसतें. मेंदूवरील नीला मात्र पातळ भिंतीची, मऊ आणि निमूट असते. हातापायांतील नीलांना ज्या झडपा असतात त्या तिला नसतात. तिच्यांतील रक्ताचा दाबहि अल्प असतो. ती फाटली तर रक्त झिरपत राहतें, आणि कापसाचा बोळा धरून थोडा वेळ थांबलें तर पुष्कळदां तें आपोआप थांबतें. तिच्या या गरीबपणामुळेंच ती बिनमहत्त्वाची आहे असा समज होतो, आणि तेथेंच चूक होते.

मेंदूचें वजन साऱ्या शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ च्या आसपास असतें. पण माणूस स्वस्थ बसला असतां हृदयांतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा शेंकडा १५ च्या सुमाराचा वांटा एकटा मेंदू घेतो. प्रौढ माणसांत हें रक्त दर मिनिटास जवळजवळ पाऊण लिटर भरतें. जितकें आंत आलें तितकें त्याच वेळांत बाहेर गेलेंच पाहिजे, कारण मेंदू ज्या पेटींत बसला आहे ती पेटी हाडाची आहे. पोट फुगूं शकतें, पाय सुजूं शकतो, पण कवटीला ताणतां येत नाहीं. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनीं १७८३ सालीं आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनीं १८२४ सालीं ही गोष्ट मांडली. मेंदू, रक्त आणि मेंदूभोंवतींचें पाणी या तिघांना त्या बंद पेटींत ठराविक जागा आहे. एकानें पाय पसरले कीं दुसऱ्यास आपले आखडावे लागतात. घरांतला नळ चालू आहे आणि मोरीचें तोंड बुजलें आहे अशी कल्पना केली म्हणजे पुढें काय होतें तें सांगावयास नको. घरांत निदान उंबरठ्यावरून पाणी बाहेर जातें. कवटीला तसा उंबरठा नाहीं.

मेंदूंतील या परतीच्या वाटांचा नकाशा मोठा रेखीव आहे. मेंदूला गुंडाळणारें जें जाड आवरण आहे, ज्यास ड्यूरा म्हणतात, त्याच्या दोन पदरांमध्यें रक्ताचे रुंद पाट असतात. त्यांना सायनस हें नांव आहे. त्यांतील मुख्य पाट डोक्याच्या बरोबर मध्यरेषेवर, नाकाच्या मुळापाशीं उगम पावून, भांगाच्या रेषेखालून मागें मानेच्या वरपर्यंत जातो. तेथें इतर पाट त्यास मिळतात. त्या संगमास प्राचीन अलेक्झांड्रिया येथील हेरोफिलस या वैद्याचें नांव आजहि चिकटलेलें आहे. तेथून रक्त दोन बाजूंनीं वळून कानांमागून मानेंतील मोठ्या नीलांत उतरतें. मेंदूच्या पृष्ठावरील लहानमोठ्या नीला, ओढ्यांनीं नदीस मिळावें त्याप्रमाणें, या पाटांत शिरतात. मेंदू सोडून आवरणांत शिरतांना त्यांना थोडी मोकळी जागा ओलांडावी लागते. तेथें त्या एखाद्या साकवाप्रमाणें लोंबत असतात, आणि तेथेंच त्या तुटण्याचें भय सर्वांत अधिक.

या नीलांपैकीं कांहींना शरीरशास्त्रज्ञांचीं नांवें मिळालीं आहेत. मेंदूच्या बाजूवरून वर मध्यरेषेकडे जाणारी मोठी नीला ती त्रोलार यांची. त्याच बाजूवरून खालीं कानामागील पाटाकडे उतरणारी ती लाबे यांची. दोघेहि एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ. मेंदूच्या अगदीं गाभ्यांतून रक्त आणणारी नीला गॅलनच्या नांवानें ओळखली जाते. पण नकाशा रेखीव असला तरी तो सर्वांचा सारखा नसतो. एकाच्या डोक्यांत लाबे यांची नीला बोरूएवढी जाड तर दुसऱ्याच्या डोक्यांत ती सुतासारखी बारीक असते, आणि तिचें काम त्रोलार यांच्या नीलेनें अंगावर घेतलेलें असतें. भावांभावांत घरचें काम वांटून घ्यावें तसा हा प्रकार आहे. कोणी किती भार उचलला आहे हें त्या घरांत गेल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून ‘ही नीला तोडली तरी चालतें’ असा सरसकट नियम पुस्तकांतून उचलणें धोक्याचें असतें.

नीला बंद झाली तर नेमकें काय होतें? रोहिणी बंद झाली तर तिच्या आश्रयाच्या भागास रक्त मिळत नाहीं आणि तो भाग उपासानें मरतो. नीला बंद झाली असतां रक्त येतच राहतें, पण त्यास जावयास जागा नसते. बारीक केशवाहिन्या तट्ट फुगतात, त्यांतून पाणी झिरपून मेंदूस सूज येते. पुढें त्या फुटतात आणि सुजलेल्या भागांत रक्त पसरतें. अखेर दाब इतका वाढतो कीं नवें रक्तहि आंत येऊं शकत नाहीं. तो भाग मग उपासानें व बुडण्यानें असा दोन्ही प्रकारें नासतो. विशेष हें कीं हा अनर्थ पुष्कळदां तत्काळ घडत नाहीं. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडते, रोगी शुद्धीवर येतो, आप्तांना ओळखतो. नंतर कांहीं तासांनीं, कधीं एकदोन दिवसांनीं, त्यास झटका येतो, पाय उचलत नाहींसा होतो, शब्द आठवेनासे होतात किंवा ग्लानि येते. दुसरी वाट मोठी असेल आणि तिनें भार पेलला, तर यांपैकीं कांहींच होत नाहीं. एकाच्या वाट्यास पहिलें येतें, दुसऱ्याच्या वाट्यास दुसरें. आणि म्हणूनच सर्जनला आधींच खात्री देतां येत नाहीं.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा प्रारंभींचा इतिहास मुख्यतः रक्तस्राव थांबविण्याचा इतिहास आहे. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांचें नांव या शास्त्रांत अग्रभागीं घेतलें जातें. १९११ सालीं त्यांनीं बारीक रक्तवाहिन्या चिमटून बंद करण्यासाठीं चांदीच्या चिमट्या प्रचारांत आणल्या. १९२६ सालीं भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बोवी यांच्या साहाय्यानें विजेच्या उष्णतेनें रक्तवाहिन्या डागून बंद करण्याची रीत त्यांनीं वापरली. ज्या गांठींना पूर्वीं हात लावण्याची छाती होत नसे, त्या आतां काढतां येऊं लागल्या. बंद करण्याची विद्या अशा रीतीनें वाढली. पण जी रक्तवाहिनी बंद करतां येते ती बंद करावी कीं नाहीं, हा विवेक त्या विद्येबरोबर आपोआप आला नाहीं. तो अनुभवानें, आणि पुष्कळ रोग्यांच्या दुःखानें, शिकावा लागला.

या विवेकाची खरी कसोटी ज्या गांठींत लागते त्यांना मेनिंजिओमा म्हणतात. हें नांव कुशिंग यांनींच १९२२ सालीं रूढ केलें. ही गांठ मेंदूची नसून त्याच्या आवरणांतून उगवते. बहुतेक वेळां ती सौम्य जातीची असते. ती मेंदूंत मुळें पसरीत नाहीं, त्यास हळूहळू बाजूस ढकलते. अर्थात् ती संपूर्ण काढली तर रोगी बरा होण्याची आशा मोठी असते. अडचण एवढीच कीं आवरणांतून उगवणारी गांठ पुष्कळदां त्याच आवरणांतील रक्ताच्या पाटास बिलगलेली असते. कधीं ती पाटाच्या भिंतींत शिरते, कधीं पाट पूर्णपणें बुजवून टाकते.

अमेरिकन सेनानी लेनर्ड वुड यांची हकीकत या प्रसंगीं सांगण्यासारखी आहे. वुड हे स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते, आणि पुढें सैन्यांत अत्युच्च पदास पोंचले. डोक्याच्या मध्यरेषेजवळच्या अशा गांठीमुळें त्यांचा डावा पाय त्यांस त्रास देऊं लागला. पायाची हालचाल चालविणारा मेंदूचा भाग बरोबर त्या मध्यरेषेलगत, उलट बाजूस असतो. १९१० सालीं कुशिंग यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून गांठ काढली. वुड बरे झाले, सैन्याचे मुख्याधिकारी झाले, १९२० सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं आपल्या पक्षाची उमेदवारी मिळविण्याच्या स्पर्धेंत उतरले आणि १९२१ सालीं फिलिपाइन्स बेटांचे गव्हर्नर जनरल झाले. पण गांठ फिरून वाढली. १९२७ च्या ऑगस्ट महिन्यांत बोस्टन येथें कुशिंग यांनीं त्यांच्यावर पुन्हां शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर वुड यांचा अंत झाला. त्यांचा मेंदू येल विद्यापीठाच्या संग्रहांत आजहि जपून ठेवलेला आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनें त्यांना सतरा वर्षांचें भरघोस आयुष्य दिलें. पण गांठ परत येऊं शकते आणि दुसरा प्रसंग पहिल्याहून बिकट असूं शकतो, हेंहि त्याच हकीकतींत दिसून आलें. त्याच १९२७ सालीं लिस्बन येथें एगाश मोनिझ यांनीं जिवंत माणसाच्या मेंदूंतील रक्तवाहिन्यांचें क्ष-किरणांनीं चित्र घेतलें. आंतील नकाशा कवटी उघडण्यापूर्वीं पाहण्याची सोय अशा रीतीनें सुरू झाली. वुड यांना तिचा उपयोग होऊं शकला नाहीं.

गांठ परत येते ती कशामुळें, याचा पद्धतशीर विचार डोनाल्ड सिंप्सन यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केला. गांठ, ती ज्या आवरणावर उगवली तें आवरण आणि बिघडलेलें हाड हीं सर्व काढलीं असतां शेंकडा ९ रोग्यांत ती परत आली. आवरण काढण्याऐवजीं नुसतें डागलें असतां हा आंकडा शेंकडा १९ झाला, आणि आवरण तसेंच ठेविलें असतां शेंकडा २९. हे आंकडे पाहिल्यावर प्रत्येक सर्जनला वाटावें कीं शेवटच्या कणापर्यंत सर्व काढावें. पण आवरणाचा तो भाग म्हणजेच रक्ताचा पाट असेल तर? मग बरें करण्याची ओढ आणि इजा न करण्याची जबाबदारी समोरासमोर उभ्या राहतात.

मध्यरेषेवरील पाटाचे तीन भाग कल्पून सर्जन स्थूलमानानें विचार करतात. पुढच्या तिसऱ्या भागांत मिळणाऱ्या नीला तुलनेनें कमी महत्त्वाच्या असल्यामुळें तेवढा भाग बांधून तोडला तरी बहुधा निभावतें, जरी तेथेंहि अपवाद आहेत. मधल्या भागांत हातापायांची हालचाल व संवेदना संभाळणाऱ्या प्रदेशाच्या नीला येऊन मिळतात. तेथें वाहता पाट तोडणें म्हणजे पक्षाघातास आमंत्रण देणें होय. मागच्या भागांत तर पुढचें सर्व रक्त एकत्र झालेलें असतें. तेथें पाट एकाएकीं बंद झाला तर जिवावरच बेततें.

यावर एक उपाय म्हणजे पाटाची रोगट भिंत कापून तेथें ठिगळ लावणें, किंवा रक्तासाठीं दुसरी नळी जोडणें. फ्रान्समधील लिऑन येथील मार्क सिंदू यांनीं हा मार्ग चिकाटीनें चोखाळला. पाटांत शिरलेल्या गांठींच्या सलग १०० रोग्यांचा त्यांचा अनुभव २००६ सालीं प्रसिद्ध झाला. शेंकडा ४ रोग्यांत गांठ परत आली, हें यश मोठेंच होय. पण त्याच शंभरांत ३ रोगी दगावले, आणि तिघांच्याहि बाबतींत मृत्यूचें कारण मेंदूची सूज हें होतें. त्यांच्यांत बंद झालेला पाट गांठीसह काढून टाकला होता, पण रक्ताची वाट पुन्हां जोडून दिलेली नव्हती. या एका गोष्टींत सर्व विषयाचें सार आलें आहे.

येथें एक शंका येईल. पाट जर गांठीनें आधींच बुजला होता, तर तो काढल्यानें नवें नुकसान कसें होणार? याचें उत्तर असें कीं गांठ वर्षानुवर्षें हळूहळू वाढते, आणि ओढ्यांत दरड कोसळली म्हणजे पाणी जसें आजूबाजूस वाट काढतें, तसें रक्तहि आपल्यासाठीं आडवाटा तयार करतें. या आडवाटा कधीं शेजारच्या नीलांतून, कधीं आवरणांतून, कधीं कवटीच्या हाडांतून, तर कधीं डोक्याच्या कातड्यांतूनहि जातात. बुजलेला पाट काढतांना भोंवतालच्या या आडवाटा तुटल्या तर मेंदूची उरलीसुरली सोयहि नाहींशी होते. कातडी व हाड कोठें कापावयाचें, हा निर्णयसुद्धां म्हणून निष्काळजीपणें घेऊन चालत नाहीं.

या कारणास्तव पुष्कळ सर्जन आतां मधला मार्ग पत्करतात. पाट वाहता असेल तर त्यास चिकटलेला गांठीचा पातळसा भाग ते जाणूनबुजून तेथेंच ठेवतात, बाकीची गांठ काढतात, आणि पुढें ठराविक मुदतीनें चित्रें घेऊन उरलेल्या भागावर नजर ठेवतात. तो वाढूं लागलाच तर किरणोपचार करतां येतो. स्टॉकहोम येथील लार्स लेक्सेल यांनीं १९५१ सालीं सूक्ष्म किरणांनीं शस्त्रक्रियेचें काम करण्याची कल्पना मांडली, आणि १९६८ सालीं त्यांचें गामा नाइफ नांवाचें यंत्र उपयोगांत आलें. १९९७ सालीं अशीं यंत्रें मुंबई व दिल्ली येथेंहि सुरू झालीं. कोबाल्टपासून निघणारे अनेक बारीक किरण चोहोंकडून एकाच बिंदूवर आणले जातात. वाटेंतील मेंदूस अल्प झळ लागते आणि त्या बिंदूवर मात्र पुरेसा मारा होतो. गांठीचा अवशेष ३ सेंटिमीटरच्या आंतबाहेर असेल तर हा उपाय विशेष उपयोगी पडतो. तो गांठ नाहींशी करीत नाहीं. बहुधा तिची वाढ थांबवितो. ही सोय नव्हती तेव्हां मागें ठेवलेला तुकडा ही नुसती टांगती तलवार होती. आज ती एक हिशेबानें पत्करलेली जोखीम आहे.

नीलांचें रक्षण करण्याचें काम शस्त्रक्रियेच्या खोलींत सुरू होत नाहीं. तें आदल्या दिवसांत चित्रें पाहतांना सुरू होतें. एमआरआय किंवा सीटी यंत्रानें नीलांचीं वेगळीं चित्रें घेतां येतात. जरूर पडली तर रक्तांत औषध सोडून क्ष-किरणांनीं रक्ताचा ओघ क्षणाक्षणानें पाहतां येतो. कोणती नीला गांठीवरून चालली आहे, कोणती गांठीखालीं दडली आहे, पाट वाहतो कीं बुजला आहे, आडवाटा कोठून आहेत, याची टिपणें मनांत पक्कीं करूनच सर्जन हातीं सुरी धरतो.

पुढची काळजी निजविण्याची. मान फार पिळली किंवा हनुवटी छातीवर दाबली गेली तर मानेंतील नीला चेपतात आणि मेंदू रक्तानें तुंबून फुगतो. म्हणून डोकें हृदयाच्या किंचित वर आणि मान मोकळी ठेवतात. पण डोकें फार उंच ठेवणेंहि धोक्याचें असतें. पाटाची भिंत ताठ असल्यामुळें ती फाटली तरी मिटत नाहीं, आणि डोकें उंच असतां आंतील दाब इतका उतरतो कीं रक्त बाहेर येण्याऐवजीं हवाच आंत ओढली जाते व हृदयापर्यंत पोंचते. असें झालें तर सर्जन तत्काळ ती जागा पाण्यानें भरून ओल्या कापसानें झांकतो, डोकें खालीं केलें जातें, आणि भूल देणारा डॉक्टर हृदयाकडे लक्ष देतो. तो या सर्व वेळ श्वासावाटे बाहेर येणारी हवा मोजीत असतो, ती याच कारणासाठीं.

आवरण उघडतांना त्याचा पडदा पाटाच्या बाजूस जोडलेला ठेवून उलटतात, आणि जेथें नीला आवरणांत शिरते तेथें आवरण तिच्या दोन्ही बाजूंनीं कापून तेवढी चिंधी तिच्यासाठीं राखतात. नीलेला मेंदूशीं बांधून ठेवणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक त्वचा सूक्ष्मदर्शकाखालीं धारेनें सोडविली कीं ती थोडी लांब व सैल होते, आणि मग मेंदू किंचित बाजूस सारला तरी ताणली जात नाहीं. गांठ अखंड उपटून काढण्याचा मोह टाळावा लागतो. प्रथम तिचा गाभा आंतून पोखरून काढतात. मग तिची साल आंत दुमडूं लागते, आणि नीलेपासून ती हलकेच सोडवितां येते. मेंदू बाजूस धरणाऱ्या पट्ट्या शक्य तितक्या कमी वेळ व कमी जोरानें वापरतात. उघडी नीला प्रखर दिव्याखालीं वाळूं नये म्हणून तिच्यावर ओला कापूस ठेवून वरचेवर पाणी सोडतात. नीलेस बारीक छिद्र पडलें तर विजेनें डागण्याची घाई करीत नाहींत. रक्त गोठविणारा स्पंजाचा तुकडा ठेवून, बोटाच्या हलक्या दाबानें वाट पाहतात. डागलें तर छिद्र मिटतें खरें, पण वाटहि मिटते.

एखादी नीला तोडल्याशिवाय पुढें जातां येणार नाहीं असें वाटलें, तर आधीं ती तात्पुरत्या चिमट्यानें कांहीं वेळ बंद करून मेंदू फुगतो कीं काय हें पाहतां येतें. २००३ सालापासून मेंदूच्या शस्त्रक्रियेंत आणखी एक साधन आलें आहे. हातांतील शिरेंतून एक हिरवट रंगद्रव्य सोडलें कीं कांहीं सेकंदांत तें मेंदूंत पोंचतें, आणि अदृश्य तांबड्या किरणांत सूक्ष्मदर्शकाखालीं चमकूं लागतें. कोणत्या नीलेंतून रक्त वाहत आहे, आणि कोणत्या दिशेनें, हें सर्जनला डोळ्यांनीं दिसतें.

कांहीं गांठी स्वतःच रक्तवाहिन्यांच्या गुंतवळ्यासारख्या असतात. त्यांना रक्त इतक्या जोरानें येतें कीं त्यांतून निघणारी नीलासुद्धां रोहिणीसारखी लालभडक दिसते. या ठिकाणीं नियम एकच, आणि तो मोडल्यास क्षमा नाहीं : येणाऱ्या वाटा आधीं बंद कराव्या, जाणारी वाट सर्वांत शेवटीं. क्रम उलटा झाला तर गांठ फुगून फुटते, आणि मग रक्त आंवरतां आंवरत नाहीं. या गांठींतील शेवटची नीला अखेर तोडावयाचीच असते. तरीहि तिची वेळ येईपर्यंत तिला जपावें लागतें.

शस्त्रक्रियेनंतरचे दोनतीन दिवस म्हणूनच डोळ्यांत तेल घालून काढावयाचे असतात. रोगी नीट बोलतो कीं नाहीं, दोन्ही हातपाय सारखे उचलतो कीं नाहीं, त्यास वाजवीपेक्षां अधिक झोप येते काय, हें परिचारिका वरचेवर पाहते. शरीरांतील पाणी कमी पडलें तर रक्त दाट होऊन नीलांत गोठण्याचा संभव वाढतो, म्हणून द्रवाचा हिशेब ठेवला जातो. शंका येतांच पुन्हां चित्र घेतलें जातें. भेटीस आलेल्या आप्तासहि येथें काम आहे. काल स्पष्ट बोललेला माणूस आज शब्द चांचपडत असेल तर ‘थकला असेल’ म्हणून गप्प न बसतां तें लगेच सांगावें. घरच्या माणसाच्या बोलण्यांतील बारीक फरक घरच्यांनाच आधीं कळतो.

शस्त्रक्रियेपूर्वीं सर्जनशीं बोलण्याची संधि मिळते तेव्हां घरच्यांनीं दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गांठ कोणत्या नीलेजवळ किंवा पाटाजवळ आहे, हा एक. आणि ती नीला राखण्यासाठीं गांठीचा कांहीं भाग ठेवावा लागला तर पुढें काय योजना आहे, हा दुसरा. हे प्रश्न विचारल्यानें सर्जनचा उपमर्द होत नाहीं. उलट ज्या निर्णयाचा भार त्यास ऐन वेळीं एकट्यानें उचलावा लागतो, तो निर्णय आधीं दोघांनीं समजून घेतलेला असतो.

आणि शस्त्रक्रिया संपल्यावर सर्जननें बाहेर येऊन ‘थोडा भाग ठेवला आहे’ असें सांगितलें, तर तें ऐकतांच घरच्यांनीं खचून जाऊं नये. ठेवलेला तो तुकडा कदाचित् वर्षानुवर्षें निपचित पडून राहील. कदाचित् त्यावर किरणांचा उपाय करावा लागेल. पण त्याच्या बदल्यांत जें राखलें आहे तें म्हणजे त्या माणसाचें चालणें, त्याचें बोलणें, आपल्या मुलाचें नांव घेऊन त्यास हांक मारणें. मेंदूंतील एखाद्या गांठीचा शेवटचा कण काढण्यास कौशल्य लागतें, यांत शंका नाहीं. तो कोठें सोडून द्यावयाचा हें ओळखून हात मागें घेण्यास त्याहून थोडें अधिक लागतें.